पंखे फिरतात, पडदा मात्र काळा



सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडायची हौस हल्ली बऱ्याच घरांतल्या मुलांना आहे. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले आणि पडद्यावर काहीच आलं नाही, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "दुकानदाराने खराब माल दिला." हे वाक्य इतक्या लवकर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानकं म्हणतो. त्यातलं तेरावं अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ. म्हणताना वाटतं, छे, आपण कुठे कुणावर आळ घेतो! पण न तपासता एखाद्याच्या मालाला खराब ठरवणं आणि वर चारचौघांना दिसेल असं लिहून मोकळं होणं, हे दुसरं काय आहे? एक स्टार द्यायला दहा सेकंद पुरतात. त्या दुकानावर एखाद्याचं घर चालत असतं.

माझ्या नातवाने दिवाळीच्या सुट्टीत असाच कॉम्प्युटर जोडला. पडदा काळा. रागारागात त्याने रिव्ह्यू लिहूनही ठेवला, फक्त पाठवायचा बाकी होता. मी म्हटलं, "थांब, आधी तपासू." तर म्हणतो, "आजी, तुला त्यातलं काय कळतं?"

त्यातलं नाही, पण चूक कशी शोधायची ते बी.कॉम.ला शिकले आहे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर कुणी वही फाडून टाकत नाही. फरकाला २ ने भागायचं आणि तेवढी रक्कम चुकून दुसऱ्या बाजूला पडली आहे का ते बघायचं. फरकाला ९ ने भाग जात असेल तर ५४ चे ४५ झालेत का ते पाहायचं. एका वेळी एकच शंका घ्यायची, ती मिटली की पुढची. कॉम्प्युटरलाही हेच लागू पडतं. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि तो चालू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

सुरुवात बाहेरून. मॉनिटर योग्य इनपुटवर आहे का? त्याची वायर ग्राफिक्स कार्डात लावली आहे की मदरबोर्डात? वेगळं कार्ड बसवलं असेल तर वायर कार्डातच हवी. काही प्रोसेसरना स्वतःचं चित्र दाखवताच येत नाही. इंटेलच्या १२४००एफ मधला तो 'एफ' हेच सांगतो. रायझन ५६०० चंही तसंच, ५६००जी असेल तर चित्र येतं. एका अक्षराने केवढा फरक!

मग वीज. मदरबोर्डाला २४ पिनांची मोठी वायर सगळेच लावतात. प्रोसेसरसाठी वरच्या कोपऱ्यात ८ पिनांची वेगळी वायर असते, ती घाईत राहून जाते. ती नसली तरी पंखे मजेत फिरतात, म्हणून माणूस फसतो. ग्राफिक्स कार्डालाही बहुधा वेगळी वीज लागते.

तरी काही नाही, तर वीज बंद करून नको ते सगळं काढायचं. डिस्क काढा, जास्तीची रॅम काढा. बायोसचा पडदा दिसायला डिस्क लागतच नाही. प्रोसेसर, एक रॅम, चित्राची सोय आणि वीज, एवढ्यावर यंत्र बोललं पाहिजे. अपरिग्रहाचा इतका रोकडा धडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

डीडीआर५ रॅम असेल तर मात्र धीर धरा. पहिल्यांदा सुरू होताना ती जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. मुलं अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद करतात. नवकाराची एक माळ होईपर्यंत हात लावू नका.

बऱ्याच मदरबोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो लागून राहतो तिथे गाडी अडली आहे. आमच्याकडे डीरॅमचा लागलेला होता. "बघ, रॅमच खराब," नातू म्हणाला. मी म्हटलं, दिवा फक्त जागा दाखवतो, गुन्हेगार नाही. त्याच्या बोर्डावर रॅमची खिट्टी एकाच बाजूला होती. त्या बाजूचा 'टक' आवाज आला म्हणून त्याने सोडून दिलं होतं, आणि दुसरं टोक केसभर वर राहिलं होतं. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या खाचेत एकच रॅम ठेवून दोन्ही टोकांवर नीट दाबली. पडदा उजळला. रिव्ह्यू त्याने स्वतःच पुसून टाकला, मला सांगावं लागलं नाही.

सगळे दुकानदार साधू असतात असं मी म्हणत नाही. भाग मुळातच बिघडलेला निघतो, कधी जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. तेव्हा जरूर परत जावं, आणि आपला हक्क सोडू नये. पण जाताना काय काय तपासलं ते कागदावर लिहून न्यावं. 'चालत नाही' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा 'एकच रॅम ठेवून, दोन्ही रॅम आलटून पालटून पाहिल्या, डीरॅमचा दिवा तसाच राहतो' म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं.

आणि इंटेलचा बोर्ड असेल तर सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण कचऱ्यात टाकू नका. आतल्या पिना केसासारख्या नाजूक असतात. बोर्ड परत करताना ते झाकण लावूनच द्यावं लागतं. बिल, खोका आणि ते झाकण एकाच पिशवीत ठेवा, वर तारीख लिहा.