खोकल्याचे सिरप राहू द्या; आधी एक मिनिट बाळाचे श्वास मोजा

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मूत्रपिंड निकामी होऊन वीसहून अधिक लहान मुले दगावली. त्यातील अनेकांवर नागपुरातील रुग्णालयांत उपचार सुरू होते. मूळ आजार काय होता? सर्दी, खोकला, ताप. पावसाळ्यात घरोघरी असतो तोच. मुलांना दिलेले खोकल्याचे सिरप तमिळनाडूत तयार झाले होते. तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. मर्यादा आहे ०.१ टक्का.

भेसळीवर भरपूर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न मागे पडला. या मुलांना सिरपची गरज होती का? केंद्र सरकारने ३ ऑक्टोबरला राज्यांना पाठवलेल्या सूचनेत स्पष्ट म्हटले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. लहान मुलांचा बहुतेक खोकला विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो.

मग पालकांनी हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. खोकला साधा आहे की न्यूमोनियाकडे चालला आहे, हे ओळखायचे. त्यासाठी लागते एक घड्याळ आणि एक मिनिट. हे काम आपल्याकडे ना घरात होते, ना बहुतेक ओपीडीत. ते दोन्हीकडे व्हायला हवे.

श्वासच का मोजायचे?

न्यूमोनियात फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पाणी आणि पू साचतो. प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि फुप्फुसे ताठर होतात. खोल श्वास घेणे जड जाते, म्हणून मूल लहान लहान श्वास भराभर घेऊ लागते. शरीराने स्वतःच दिलेला हा इशारा असतो आणि तो बघून मोजता येतो.

ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञ फ्रँक शॅन यांनी पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे याचा अभ्यास केला. एक्स-रेची सोय नसलेल्या ठिकाणी कोणत्या मुलाला औषध द्यायचे आणि कोणाला दाखल करायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. श्वासाचा वेग आणि छाती आत ओढली जाणे या दोन खुणांवरून ते बऱ्याच अंशी ठरवता येते, असे त्यांच्या १९८४ च्या शोधनिबंधातून पुढे आले. पुढे याच धर्तीवर जागतिक आरोग्य संघटनेचे निकष तयार झाले. एका मिनिटात एवढे किंवा याहून जास्त श्वास असतील, तर तो वेग धोक्याचा मानतात :

• २ महिन्यांपेक्षा लहान बाळ : ६०
• २ महिने ते १ वर्ष : ५०
• १ ते ५ वर्षे : ४०

मोजायचे कसे?

मूल शांत असताना किंवा झोपेत असताना मोजा. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा फसवतो. झबले वर करा, पोट किंवा छाती वर आली की एक श्वास धरा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्या बाळांचा श्वास कधी जलद तर कधी संथ चालतो. दोन महिन्यांखालील बाळाचा आकडा ६० च्या वर आला, तर पुन्हा एकदा मोजा.

श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातोय का, हेही पाहा. ‘बाळाचे पोट उडतेय’ असे घरातली जुनी माणसे म्हणतात, ते बऱ्याचदा हेच असते. म्हणजे खूण लोकांना दिसते; अडते ते पुढे काय करायचे इथे. कुठे तापवलेल्या विळ्याचे चटके पोटावर दिले जातात, कुठे बंद खोलीत धुरी दिली जाते, तर शहरात मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली फ्रिजमधून बाहेर निघते. तिन्हींत मुलाचा वेळ वाया जातो.

मोजलेला आकडा हे निदान नव्हे. ताप किंवा दमा असला तरी श्वास वाढतो. पण आकडा मर्यादेवर गेला किंवा छाती आत ओढली जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, एवढे त्यातून नक्की ठरते.

गडचिरोलीतला धडा

‘हे सामान्य माणसाला जमणार नाही’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्राकडेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील गावांमध्ये आरोग्यसेवक आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर अँटिबायोटिक द्यायला शिकवले. फारशी मोजदाद न येणाऱ्या सुईणींसाठी एक साधे यंत्रही बनवले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

१९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभराने प्रयोगातील गावांत न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते. सुईणी जे शिकल्या, ते हातात स्मार्टफोन असलेल्या आई-वडिलांना का जमू नये?

केसपेपरवर आकडा हवा

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो खोटा नाही. ओपीडीत शंभर मुले रांगेत असताना प्रत्येकाचे श्वास मिनिटभर कोण मोजणार? याचे उत्तर आहे, परिचारिका. मुलाचे वजन आणि ताप डॉक्टरांकडे जाण्याआधीच केसपेपरवर लिहिला जातो. त्याच्याच शेजारी श्वासाचा आकडा लिहिला गेला पाहिजे. परिचारिकांना आणि आशा सेविकांना हे प्रशिक्षण मिळते, सरकारच्या बालआजार व्यवस्थापनाच्या कार्यक्रमात ते आहे. पण शिकवलेले काम कागदावर मागितले जात नाही आणि जे मागितले जात नाही ते गर्दीत गळून पडते.

याचा फायदा दुहेरी आहे. वेग वाढलेले मूल रांगेत मागे राहणार नाही. आणि ज्याचा श्वास नेहमीसारखा आहे, छाती ओढली जात नाही, त्याला अँटिबायोटिक किंवा सिरप लिहिताना डॉक्टरांना थोडे थांबावे लागेल. ‘काहीतरी लिहून द्या’ म्हणणाऱ्या पालकांना दाखवायलाही हा आकडा उपयोगी पडेल.

जुलाबातही हेच

जुलाब झाले की घरचे किती वेळा शी झाली ते मोजतात. त्याहून महत्त्वाचे आहे मूल किती पितेय आणि शू किती होतेय. शू कमी झाली, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू जागेवर आली, की शरीरातले पाणी कमी झाले आहे असे समजावे.

उपाय स्वस्त आहे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात विरघळवा. अर्धे पाकीट, अर्धा ग्लास असे अंदाजाने करू नका. दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर थोडे थोडे पाजा. उरलेले पाणी २४ तासांनी टाकून द्या. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्या, जुलाब थांबले तरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांना ओआरएस मिळाले, झिंक मात्र ३०.५ टक्क्यांनाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली, तरी दुकानात पाकिटावरचे घटक वाचूनच घ्या.

घरी काय करावे, कधी धावावे?

साध्या खोकल्यात स्तनपान आणि जेवण सुरू ठेवा, नाक चोंदले असेल तर सलाइनचे थेंब घाला. एक वर्षावरील मुलाला मध चालतो, त्याखाली अजिबात नको. तापासाठी पॅरासिटामॉल वजनानुसार आणि बाटली वाचून द्या. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, साध्या सिरपमध्ये तेवढेच औषध साधारण ४ मिलिलिटरमध्ये. चमचा तोच ठेवून बाटली बदलली, तर मात्रा चौपट होते.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा :

• मूल पीत नाही, दूध ओढत नाही
• पोटात गेलेले सगळे उलटून पडते
• झटके येतात
• मूल मलूल आहे, हाक मारूनही जागे होत नाही
• छाती आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात
• दोन महिन्यांखालील बाळाला ताप आहे, ते थंड पडले आहे किंवा त्याचा श्वास वाढला आहे

शिकवायचे कुठे?

त्यासाठी नवी मोहीम किंवा नवे अ‍ॅप लागत नाही. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस दिल्यावर आईला अर्धा तास केंद्रावर थांबवले जाते. २०२१ पासून देशभरातील सरकारी लसीकरणात न्यूमोकोकल ही न्यूमोनियावरची लसही आहे. त्या अर्ध्या तासात प्रत्येक आईकडून, आणि सोबत आलेल्या बाबांकडून किंवा आजीकडून, स्वतःच्या बाळाचे श्वास एकदा मोजून घ्यावेत. लसीकरणाच्या कार्डावर तो आकडा आणि वयाची मर्यादा शेजारी शेजारी लिहावी.

सिरपच्या बाटलीत काय भरले आहे, हे आई-वडिलांना घरी तपासता येणार नाही. ती जबाबदारी सरकारची आहे आणि त्याचा जाब विचारत राहिला पाहिजे. पण ती बाटली उघडण्याआधी मूल कसे श्वास घेतेय, हे प्रत्येकाला पाहता येते. आज रात्री बाळ झोपले की एकदा मोजून ठेवा. बरे असतानाचा आकडा माहीत असला, की आजारपणातला आकडा लगेच कळतो.