पायाखालचा पत्रा

जुनी गाडी बघायला येणारे लोक आधी बॉनेट उघडतात. मग बंपरच्या क्रोमवरून हात फिरवतात, बिल्ला मूळचा आहे का विचारतात, हॉर्न वाजवून बघतात. पायाखालची चटई उचलून बघणारा क्वचितच कोणी भेटतो. आपल्या गोव्यात तर पहिलं काम तेच करायला हवं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेले महिने खारं वारं. इथे गाडी इंजिनाने क्वचित मरते, ती तळाने मरते.

रस्त्यावरचं पाणी उडून तळ गंजतो, असं आपल्याला वाटतं. थोडंफार तेही खरं. पण जास्त घात वरून होतो. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डामागून थेंबाथेंबाने उतरतं आणि चटईखालच्या नमद्यात मुरतं. चटई वरून कोरडी ठणठणीत, खाली नमदा चार महिने ओला. गंज आतून बाहेर येतो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. फोक्सवॅगन बीटलची तर आणखी तऱ्हा. तिची बॅटरी मागच्या सीटखाली तळावरच बसवलेली, त्यामुळे आम्लाने तिथला पत्रा हमखास खाल्लेला. मात्र बीटलचं एक बरं असतं, वरची बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. ती उचलून ठेवली की तळ मोकळा होतो.

फियाटचं तसं नाही. आमच्या वाड्यावरच्या एका काकांकडे १९६८ सालची फियाट अकराशे डिलाइट आहे. या गाडीला वेगळी चासी नाही. तळ, दारांखालचे उंबरठे, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी. तळ सडला म्हणजे पायाखाली भोक पडलं एवढंच होत नाही. गाडी मधोमध वाकू लागते, दारं नीट लागेनाशी होतात, आणि सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात आवळलेले असतात तोच पत्रा बिस्किटासारखा होतो. काकांच्या गाडीला पूर्वी कधीतरी एका गॅरेजने सडलेल्या पत्र्यावर फायबरचं कापड चिकटवून वर डांबर फासून दिलं होतं. दिसायला झकास. नव्या मेस्ताने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो सरळ आरपार गेला. म्हणाला, "बाब, हांगा पत्रोच ना, नुसतो रंग आसा."

मग जे काम झालं ते मी रजेच्या दिवशी जाऊन बघत असे. सीटा, चटई, वायरिंग बाहेर. पेट्रोलची टाकी आणि नळी आधीच काढून दूर ठेवलेली, कारण ठिणगीला कोणाची ओळख नसते. काही कापण्याआधी मेस्ताने दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड केल्या. पेटी आपल्याच वजनाने वाकू नये म्हणून. एका वेळी एकच बाजू कापायची, दोन्ही कधीच नाही. चांगला, वाजणारा पत्रा लागेपर्यंत मागे मागे जायचं. यातच खरी परीक्षा असते, कारण पैसे वाचवणारा माणस गंजाच्या कडेलाच थांबतो आणि दोन पावसाळ्यांत गंज नव्या जोडाला येऊन भिडतो. नवा पत्रा १८ गेजचा. मूळ तळाला असतात तशा उभ्या घड्या त्यात ठोकून काढल्या. त्या शोभेच्या नव्हेत, पत्र्याला ताठपणा त्यांनीच येतो. जोड सीओटू वेल्डिंगचे, थोडे इथे थोडे तिथे, पत्रा तापून वेडावाकडा होऊ नये म्हणून. नंतर जस्ताचा प्रायमर, सांध्यांत सीलर आणि शेवटी अंडरकोट. पाणी जायची भोकं मूळ जागी ठेवली, हे मला विशेष आवडलं.

काम उत्तम झालं. पण काकांच्या जिवाला घोर लागला: आता गाडी ‘मूळ’ राहिली का?

घोर अगदीच निराधार नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. आता तळ हा बॉडीचाच भाग. मग तो बदलला हा फेरफार की दुरुस्ती?

दिवसभर परिपत्रकं वाचणं हेच माझं काम असल्यामुळे एवढं सांगतो की उत्तर कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम फेरफाराची व्याख्या करतं: रचनेतला असा बदल, ज्याने वाहनाचं मूलभूत वैशिष्ट्यच बदलतं. फियाटमध्ये डिझेल इंजिन कोंबलं, तर तो फेरफार. कुजलेल्या पत्र्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच घडीचा पत्रा आला, तर कुठलं वैशिष्ट्य बदललं? मात्र व्हिंटेजच्या नियमात हे सरळ शब्दांत लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नसतं त्याचा अर्थ टेबलागणिक बदलतो. परिणाम उलटा होतो. भिऊन लोक गंज झाकतात, वर गालिचा घालतात आणि "हात न लावलेली गाडी" म्हणून मिरवतात. अशा गाडीत नातवंडांना बसवून मिरामारला फेरी मारणं मला तरी धाडस वाटतं.

आणि मूळपणाचं एवढं सोवळं आपण कुठे पाळतो? घराचे वासे कुजले तर बदलतो, कौलं दरवर्षी परततो, तरी घर पणजोबांचंच असतं. मंगेशाचं स्थान १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आलं. त्यानंतर देवळाची किती कामं झाली, तरी ‘हे मूळचं नव्हे’ असं कोणी म्हणालेलं ऐकलं नाही. त्याला आपल्याकडे जीर्णोद्धार असा चांगला शब्दच आहे.

नियमात एकच ओळ घालावी: मूळ मापाच्या पत्र्याने केलेली दुरुस्ती हा फेरफार नव्हे, आधीचे आणि नंतरचे फोटो अर्जासोबत जोडावेत. एवढ्याने पुष्कळ तळ वाचतील, आणि थोडे पायसुद्धा.

काकांनी आपल्या परीने तयारी ठेवली आहे. फोटो, पत्र्याचं बिल, मेस्ताची पावती, आणि जुन्या तळाचा वीतभर गंजका तुकडा, सगळं एका पिशवीत. अर्जाबरोबर तो तुकडाही फायलीला लावायचा त्यांचा बेत आहे. तो टाचायचा कसा, एवढं मात्र त्यांनी मला विचारू नये.