भांडवल मिळेल, वसुली जमेल?

नोकरी सोडून धंद्यात पडू पाहणारे तरुण हल्ली दोनच गोष्टींची चौकशी करतात : कल्पना चांगली आहे का आणि कर्ज मिळेल का. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत; पण माणूस धंद्याच्या लायकीचा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. त्याची परीक्षा माझ्या मते वेगळीच आहे. आपल्या हक्काचे पैसे समोरच्याकडे न अडखळता मागता येतात का?

भांडवलाची वाट पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय १० लाखांपर्यंत कर्जाची सोय झाली. या योजनेतले मोठे कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये ही मर्यादा २० लाखांवर नेण्यात आली. खरी कसोटी लागते ती कर्ज हातात पडल्यानंतर.

साधा हिशेब मांडू. एका छोट्या वर्कशॉपचे महिन्याचे काम ५ लाखांचे. माल, मजुरी, भाडे, वीज धरून खर्च साडेचार लाख. बिल महिनाअखेर लागते आणि पैसे त्यानंतर तीन महिन्यांनी येतात. म्हणजे पहिला रुपया हाती येईपर्यंत १८ लाख बाहेर पडलेले असतात. १० लाखांचे कर्ज तिसऱ्याच महिन्यात संपते. वहीत दरमहा ५० हजारांचा नफा आणि पगाराच्या दिवशी गल्ला रिकामा! असे धंदे तोट्याने नव्हे, उधारीने बुडतात.

यावर कायदा नाही असे नाही. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र हे व्याज मागणारा पुरवठादार विरळाच. पुढची ऑर्डर जाईल, ही धास्ती त्याला गप्प बसवते.

आपल्याकडे या धास्तीत भिडेचीही भर पडते. पैशांचा विषय काढणे म्हणजे हलकेपणा, हा संस्कार पगारदार घरांत खोल रुजलेला आहे. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याला तोंडपाठ आहे. वसुलीच्या वेळी मात्र आठवत नाही.

दुसरी परीक्षा घराची. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेताना आपण १९१० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीकडे बोट दाखवतो. त्याआधी लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी त्यांचे नांगर पडून राहिले होते, तो काळ आपण विसरतो. पगाराविना आपले घर किती महिने तग धरेल, हे आधी घरातल्यांसमोर बसून ठरवले पाहिजे.

म्हणून राजीनामा लिहिण्यापूर्वी, नोकरीच्या नियमांत बसत असेल तर, एक छोटी ऑर्डर घ्यावी. भाव आपण सांगावा, बिल द्यावे, मुदत संपताच दारात जाऊन पैसे मागावेत. ओळखीच्याने सवलत मागितली तर नाही म्हणून पाहावे. हे जमले तर बाकीचे शिकता येईल. जमले नाही, तर नोकरीत राहणे किंवा वसुली जमणारा भागीदार शोधणे, यात कमीपणा काही नाही. कर्जाचा हप्ता मात्र कोणाची भीड धरत नाही.