सोय की सोवळं?

जे. पी. नगरातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की नकाशात युटिलिटी येते: भांडी घासणाऱ्या ताईंसाठी वेगळं सिंक, वेगळा नळ, जमल्यास वेगळं दार. याला ‘सोय’ म्हणतात. भांडी घासायला जागा हवीच. पण ताईंनी आतल्या फिल्टरचं पाणी प्यायचं की नाही हे नकाशाच ठरवत असेल, तर ते सोवळं आहे.

२०१७ साली पुण्यात स्वयंपाकाच्या बाईंनी जात लपवली म्हणून मालकिणीने पोलिसात तक्रार केली, तेव्हा गदारोळ झाला. तेच सोवळं टाइल्समध्ये बसवलं की सगळे गप्प. महाडचा १९२७ चा लढा पाण्याचाच होता.

आपल्यातल्या कित्येकांच्या आयांनी अशीच भांडी घासून आपली फी भरली. उद्या कर्ज काढून आपण ओटा घालू, तेव्हा वेगळा पेला ठेवायला त्यात जागाच नको.