पुढच्या रविवारी मॅच आहे का?

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात त्या काळात माझी आठवड्याला एक फेरी ठरलेली असे. निमित्त कँटीनमधल्या पोह्यांचं. दिल्लीत इतकी वर्षं काढली तरी पोटाला अजून छोले-भटुऱ्यांची सवय झालेली नाही, त्याला मी तरी काय करू? तर गोष्ट जानेवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यातली. बाहेर हे दाट धुकं, आणि कँटीनमध्ये माझ्या समोरच्या टेबलावर एक गृहस्थ, सोबत तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. मुलाच्या खुर्चीला टेकवलेली क्रिकेटची भलीमोठी बॅग. बॅगेवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "कुठले आपण?"

"यवतमाळकडचे जी."

त्याच आठवड्यात, १ जानेवारीला, इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला होता. तोही कोणाला हरवून? दिल्लीला! १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाकडे तोवर कोणी वळूनही पाहत नसे. रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक ठोकलं, आणि आमच्या शेजारचे शर्माजी मला जिन्यात अडवून विचारते झाले, "ये विदर्भ है कहाँ?" मी त्यांना नकाशा काढून दाखवला. पेनाचा दाब जरा जास्तच पडला असेल.

त्यामुळे यवतमाळचं नाव ऐकताच मी माझी बशी उचलून त्यांच्या टेबलावर गेलो. म्हटलं, अभिनंदन! गृहस्थ कसनुसं हसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

ते एस.टी.त वाहक. मुलगा नववीत, बॉलिंग चांगली टाकतो. कुठल्याशा खाजगी लीगची जाहिरात त्यांच्या मोबाइलवर आली होती : दिल्लीजवळ निवड शिबिर, निवड झाली की टीव्हीवर दिसणाऱ्या सामन्यांत खेळण्याची संधी. नोंदणी, पोशाख, शिबिराची फी असे मिळून अठरा हजार रुपये त्यांनी भरले. बॅग वेगळी. आमदारांचं पत्र मिळवून सदनात खोली घेतली, रेल्वेने हजार-अकराशे किलोमीटर आले. आदल्या दिवशी शिबिर झालं. मैदानावर तीनेकशे मुलं होती.

"किती टाकायला मिळाले रे?" मी मुलाला विचारलं.

"सहा."

"सहा ओव्हर?"

"नाही काका. सहा बॉल."

वडील चहाच्या कपाकडे बघत होते. "निकाल फोनवर कळवतो म्हणाले," एवढंच बोलले. तो फोन कधी येणार नव्हता हे त्यांना कळलं होतं आणि मलाही. मुलाला कळलं होतं की नाही, देव जाणे.

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "गेल्या वर्षभरात किती मॅच खेळलास?"

त्याने बोटं मोजली. टेनिस बॉलच्या पुष्कळ, गावातल्या, जत्रेतल्या. लेदर बॉलच्या? चार.

"अन् अकॅडमीत?"

"अकॅडमीत नेट असते जी, रोज," वडील म्हणाले. "महिन्याची फी घेतात. मॅच नसते."

मंडळी, आजचा माझा सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे.

मी खेळाडू म्हणून कोणी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. तरुणपणी मुंबईत कांगा लीगच्या एका खालच्या विभागातल्या संघाचा मी स्कोअरर होतो. अकरा जण जमले नाहीत की बारावा म्हणून उभा राहायचो. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ साली सुरू झाली, तीही भर पावसाळ्यात! ए पासून जी पर्यंत विभाग. खेळपट्टीवर आच्छादन नाही, बाहेर गवत एवढं वाढलेलं की जमिनीवरून मारलेला चेंडू दहा पावलांवर झोपी जायचा. धावा हव्यात तर हवेतून मारा, आणि हवेतून माराल तर झेल जाईल. स्कोअर मी पेन्सिलीने लिहायचो, कारण शाई पावसाने पसरते. तिथे मी काय पाहिलं? बँकेतला कारकून, गिरणीतला जॉबर, कॉलेजातला पोरगा आणि कधी एखादा कसोटीपटू, एकाच तंबूत बसून बटाटेवडा खाताना पाहिले. दादर युनियनकडून सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर खेळले ते याच स्पर्धेत. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला अशा माणसासमोर चेंडू टाकायला मिळायचा. चौकार बसायचा, पण पुढच्या रविवारी पुन्हा मॅच असायची. त्या 'पुढच्या रविवारी'तच सगळं आलं.

मुंबईत ही शिडी शाळेपासून लागते. हॅरिस शील्ड १८९६ पासून आणि लहान मुलांची जाइल्स शील्ड १९०१ पासून. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून! शाळेतून क्लबात, क्लबातून ऑफिसच्या संघात. टाइम्स शील्डसाठी मफतलाल, निर्लॉन, टाटा, बँका, रेल्वे यांचे संघ उतरायचे आणि चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची. एकनाथ सोलकर हा हिंदू जिमखान्याच्या मैदानाची राखण करणाऱ्या माळ्याचा मुलगा, मैदानाच्या कडेच्या झोपडीत वाढलेला. या शिडीने तो थेट भारतीय संघात गेला. त्याच्या वडिलांना कोणी अठरा हजार मागितले नव्हते.

आचरेकर सरांचंच बघा ना. लोकांना त्यांनी स्टम्पवर ठेवलेलं रुपयाचं नाणं आठवतं. मला त्यांची स्कूटर जास्त महत्त्वाची वाटते. मैदानावरची एक मॅच संपली की ते सचिनला मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे आणि तिथल्या संघात फलंदाजीला उतरवायचे. पहिल्याच वर्षी उन्हाळी सुटीच्या ६० दिवसांत आपण ५५ सराव सामने खेळलो, असं सचिनने आत्मचरित्रात लिहिलं आहे. पंचावन्न! आमच्या यवतमाळच्या पोराचे वर्षात चार. अंगातली कला कोणाची कमी नि कोणाची जास्त, हे ठरवायला आधी दोघांना सारखे सामने तरी मिळायला नकोत का?

कोणी म्हणेल, सामने तर हल्ली खूप होतात. होतात, पण कसे? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. वडील रिक्षाचालक. सगळ्या जगाने कौतुक केलं आणि ते योग्यच होतं, उन्हातान्हात एवढा वेळ उभं राहणं खायचं काम नाही. पण धावफलक पुन्हा एकदा वाचा. के. सी. गांधी ३ बाद १४६५. समोरची शाळा ३१ आणि ५२. त्या दिवशी समोर कोवळी पोरं होती, मैदानाची एक बाजू अगदी जवळ होती. प्रणवच्या हाती विक्रम आला, पण त्याच्या तोडीचा गोलंदाज काही त्या दोन दिवसांत त्याच्यासमोर आला नाही. आणि समोरच्या मुलांना तरी काय मिळालं? सीमारेषेपलीकडून चेंडू आणून देण्याचा सराव. पुढे त्याला महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती मिळाली, अपेक्षांचं ओझं आलं, आणि वर्ष-दीड वर्षात वडिलांनी ती शिष्यवृत्ती आपणहून नको म्हणून कळवलं. मला त्या बापाचं फार वाटलं. पोराला पुढची पायरी हवी होती, आपण त्याला हार घातले.

आता ऑफिसची पायरी मोडकळीला आली आहे. गिरण्या गेल्या, कंपन्यांनी संघ बंद केले, खेळाडू म्हणून कायमची नोकरी देणारे थोडे उरले. ती जागा भरून काढायला अकॅडम्या आल्या. सगळ्याच वाईट नाहीत, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. वेंगसरकरांनी ओव्हल मैदानावर निवडक मुलांना फुकट शिकवलं, आणि पिंपरी-चिंचवडजवळच्या थेरगावच्या त्यांच्या अकॅडमीतून ऋतुराज गायकवाड पुढे आला. पण बहुतेक ठिकाणी नेट विकायला सोपी असते. एका जाळीत वीस मुलं, प्रत्येकाची फी. मॅच भरवायची म्हणजे मैदान, अंपायर, चेंडू, दुसरा संघ, चहा, भांडणं! त्यात नफा कुठला?

दिल्लीचं मला बरं-वाईट दोन्ही दिसतं. मंडी हाऊसच्या चौकातून बाराखंबा रोडला वळलं की पाच-दहा मिनिटांवर मॉडर्न स्कूल. तिथली लाला रघुबीर सिंग यांच्या नावाची हॉट वेदर स्पर्धा भर उन्हाळ्यात चालायची. मुंबईकर चिखलात खेळतात, दिल्लीकर लूमध्ये! तारक सिन्हांनी १९६९ साली सोनेट क्लब काढला आणि गरीब-मध्यमवर्गीय मुलांना पदरात घेतलं. ते २०२१ मध्ये गेले तेव्हा अनेक आंतरराष्ट्रीय खेळाडू पोरके झाल्यासारखे हळहळले. म्हणजे इथेही एका माणसाच्या हट्टावरच सगळं चाललं होतं.

आणि मुली? १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ किती होते? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तिथून २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार होती. घरोघरी पेढे वाटले गेले. आता मला कोणी सांगा, तुमच्या गावातल्या मुलींच्या शाळेची क्रिकेटची मॅच शेवटची कधी झाली? आमच्या एका भाचीला तर मॅच मिळावी म्हणून मुलांच्या संघात अकरावी जावं लागायचं, आणि तिथे बॉलिंग मागायची सोय नव्हती.

असो. कँटीनमधल्या त्या सकाळीकडे परत येतो.

मी त्या मुलाला उमेश यादवचं सांगितलं. नागपूरजवळचं खापरखेडा, वडील कोळसा खाणीत कामगार. पोलीस शिपाई व्हायचं तेही जमलं नाही. एकोणीस-वीस वर्षांचा होईतो टेनिस बॉलच. मग लेदर बॉलच्या सामन्यांत कोणीतरी खेळवलं, २००८ मध्ये रणजी आणि २०११ मध्ये कसोटी. विदर्भाचा पहिला कसोटीपटू! पोरगं पहिल्यांदा मान वर करून बघायला लागलं. "त्याला कोणी खेळवलं?" त्याने विचारलं. बघा, 'कोणी शिकवलं' असं नाही विचारलं त्याने.

वडिलांना मी म्हटलं, "रागावू नका, पण ज्या पैशात हे शिबिर झालं, त्यात तुमच्या तालुक्यात काय काय झालं असतं?" मग आम्ही कागदी रुमालावर हिशेब मांडला. काथ्याची मॅट, तिचे खिळे, दोन बाजूंचे स्टम्प. शाळेचं मैदान रविवारी मोकळंच असतं. संघ? ते म्हणाले, माझ्या रूटवर सहा गावं आहेत, प्रत्येक गावात अकरा पोरं निघतात. अंपायर? शाळेतले एक गुरुजी निवृत्त झालेत, घरी बसून कंटाळलेत. एस.टी.चा कंडक्टर म्हणजे तालुक्याचं चालतंबोलतं टपाल, निरोप धाडायची अडचण नव्हती. अडचण होती चेंडूंची. चांगला लेदर बॉल म्हणजे एका रविवारचा खर्च, आणि तो काट्याकुट्यात गेला की गेला.

चेंडू मी देतो म्हटलं. मेरठ इथून जवळ, बॅटी-चेंडूंचं माहेरघर. एका ओळखीच्या दुकानदाराकडून दोन डझन मिळाले, अर्धे जरा सदोष शिवणीचे म्हणून स्वस्तात. सोबत एक स्कोअरबुक आणि पेन्सिलींचा डबा पाठवला. पेन्सिली का, ते पत्रात लिहिलं.

वऱ्हाडातला उन्हाळा संपून पाऊस सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला. मला वाटलं, पोराच्या निवडीबद्दल काही असेल. तसं काही नव्हतं. सहापैकी पाच संघ टिकले होते, एका गावाने भांडून नाव काढलं होतं आणि आता परत घ्या म्हणत होतं. त्यांच्या पोराने नऊ मॅच खेळून चौदा विकेट काढल्या होत्या. गुरुजी मुलाला एकदा पायचीत देऊन बसले म्हणून घरात दोन दिवस अबोला होता.

"अन् चेंडू?" मी विचारलं.

"चार विहिरीत गेले जी," ते म्हणाले. "तीन काढले. अकरा चांगले आहेत. ह्या रविवारी पाऊस थांबला तर मॅच आहे."