‘थ्रिलर’च्या नावाखाली

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा रहस्यपट. त्याचे कोडे न्यायालयात उभे राहते. त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. गुन्हेगारीपटाची जातच निराळी. तेथे गुन्हेगार कोण हे आधीच ठाऊक असते. कुतूहल उरते ते त्याच्या रुबाबाचे. आमचे विद्वान समीक्षक मात्र दोहोंना ‘थ्रिलर’ म्हणून मोकळे होतात आणि गुंडांच्या उदात्तीकरणाला कलेचे अभय देतात!

१२ मार्च १९९३ रोजी दादरच्या प्लाझा चित्रपटगृहाच्या आवारातही बॉम्ब फुटला. त्या दिवशी मुंबईत २५७ माणसे मेली. तो तपास सरळपणे मांडणारा ‘ब्लॅक फ्रायडे’ स्थगितीत अडकून २००७ मध्ये प्रदर्शित झाला. दाऊदची छाया असलेला नायक मात्र २०१३ साली ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई दोबारा’मध्ये प्रेमवीर म्हणून मिरवला. यालाही थ्रिलरच म्हणायचे?