भाऊबीजेचे पाकीट

दीपावलीच्या मंगल पर्वात घरोघरी पणत्या उजळतात, अभ्यंगस्नाने होतात, फराळाची ताटे शेजारीपाजारी जातात. परंतु ज्या घरचा पुत्र सीमेवर उभा आहे, त्या घरी भाऊबीजेला एक पाट रिकामाच राहतो. भाऊ दूर असला म्हणजे बहिणीने चंद्राला ओवाळावे, ही आपली जुनी रीत. ती अवश्य पाळावी. पण त्या दिवशी त्या घरातून कुंकुम-अक्षतांसह एक पत्रही गेले पाहिजे. आणि त्या पत्रात काय असावे, याविषयी चार शब्द निवेदन करावयाचे आहेत.

युद्धकाळातील निरोपाचा वस्तुपाठ वाल्मीकींनी सुंदरकांडात घालून दिला आहे. हनुमंताने श्रीरामांची मुद्रिका दिली; सीतामाईने उलट चूडामणी दिला. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. दोघांनाच ठाऊक असलेला चित्रकूटावरील कावळ्याचा प्रसंग तिने खूण म्हणून सांगितला. आपली दशाही लपविली नाही. एका महिन्यापलीकडे आपण जगणार नाही, हे तिने स्पष्ट कळविले. जिव्हाळ्याची खूण आणि धैर्याने सांगितलेले सत्य, ही अशा निरोपाची दोन अंगे होत.

पुराणकाळ सोडून अलीकडे यावे. १९१४-१५ साली फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे लष्करी तपासनीस वाचून पाहत. त्या पत्रांतून त्यांनी काढलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अक्षरओळख नसलेला शिपाई दुसऱ्याकडून पत्र लिहून घेई. समोर मृत्यू उभा असताना तो विचारी काय? पीक कसे आहे, पाऊस पडला का, गुरे बरी आहेत ना! घरचा वृत्तांत हाच त्याचा आधार होता.

१९९९ च्या कारगिल युद्धात कॅप्टन विजयंत थापर वयाच्या बाविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. चढाईपूर्वी त्यांनी घरी पत्र लिहून ठेवले होते. अनाथालयास काही द्यावे, आणि आपण जिला मदत करीत होतो त्या लहान मुलीला दरमहा ५० रुपये देत राहावे, असे त्यांनी त्यात कळविले. मरणाच्या दारातही या वीराने घरच्यांवर एक कर्तव्य सोपविले!

आता कोणी म्हणेल, मोबाईल आला, मग पत्र हवे कशाला? बोलणे जरूर व्हावे. तथापि संपर्क सर्वत्र मिळतो असे नाही, आणि आवाज कानावरून निघून जातो. पत्र मात्र खिशात राहते, पुनःपुन्हा उघडता येते. शिवाय जवानाच्या पत्त्यात ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ असे असते, ठिकाणाचे नाव नसते. हा संयम आपल्या जिभेलाही हवा. मुलगा कोठे आहे, कोठे निघाला, हे कौतुकाने चारचौघांत सांगणे किंवा मोबाईलवरून पसरविणे म्हणजे शत्रूच्या हाती दिवा देणे होय.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. त्याला काळजी नको म्हणून पुष्कळ घरांतून ‘इकडे सर्व क्षेम’ एवढेच कळविले जाते. माझ्या मते हे उचित नव्हे. आज ना उद्या खरे कळतेच, आणि मग पुढल्या प्रत्येक ‘क्षेम’वर त्याचा विश्वास बसत नाही. ‘आई आजारी आहे’ एवढेच लिहिणे हे क्रौर्य. काहीच न लिहिणे ही वंचना. ‘आईला ताप होता, डॉक्टरांचे औषध चालू आहे, शेजारच्या काकू रात्री सोबतीला येतात,’ असे लिहिणे हा धर्म.

परंतु वाचकहो, हे वाक्य लिहावयाचे तर शेजारच्या काकूंनी खरोखर आले पाहिजे! येथे पत्र हा केवळ त्या घरचा प्रश्न उरत नाही. जवानाच्या शेतातली पेरणी वेळेवर व्हावी, त्याच्या मुलाची फी भरली जावी, वृद्ध पित्याला दवाखान्यात कोणी न्यावे, ही कामे गावाची आहेत. ती होतील तेव्हाच त्या पाकिटात खरे क्षेम जाईल.

या दीपावलीत आपल्या आळीतील अशा एका घरी जावे. फराळ न्यावाच, पण ‘यंदाच्या पत्रात आमच्याकडून कोणते काम झाल्याचे लिहाल?’ असे विचारावे, आणि ते काम करून मगच घरी परतावे.